चूक, हयगय आणि डॉ. लीप

रोगी उपचार चालू असतां दगावला, तर आपल्याकडे बहुधा दोनच उद्गार ऐकूं येतात: ‘त्याचें आयुष्यच सरलें होतें’, किंवा ‘डॉक्टरनें मारलें’. ह्या दोन उद्गारांमधील विस्तीर्ण जागेची पाहणी करण्यांत अमेरिकेंतील बालशल्यविशारद डॉ. लुशियन लीप ह्यांनीं आपल्या आयुष्याचा उत्तरार्ध वेंचला. त्यांचा १९९४ सालचा वैद्यकांतील चुकांवरील निबंध आणि २०२१ सालीं प्रसिद्ध झालेलें ‘मेकिंग हेल्थकेअर सेफ’ हें पुस्तक आम्हीं लागोपाठ वाचलें.

न्यूयॉर्क राज्यांतील ५१ रुग्णालयांतले १९८४ सालचे सुमारें ३०,००० कागद तपासणाऱ्या हार्वर्डच्या मंडळींत लीप होते. शेंकडा ३.७ रुग्णांस उपचारामुळेंच इजा झाली होती, असें १९९१ सालीं प्रसिद्ध झालें. दुसऱ्या कोणास येथें वकिलाचा आवेश चढला असता. लीप ह्यांस प्रश्न पडला तो निराळाच: जपून काम करणारीं शहाणीं माणसें चुकतात तरी कां? उत्तर त्यांस मानसशास्त्रज्ञांकडे व विमानें सुरक्षित करणाऱ्यांकडे मिळालें. दोन कुप्या सारख्या दिसतात. एकींत साधें मिठाचें पाणी, दुसरींत शिरेंत तसेंच गेलें तर हृदय थांबविणारें तीव्र पोटॅशियम क्लोराइड. रात्रपाळीच्या परिचारिकेस बडतर्फ केल्यानें कुपी बदलत नाहीं. ती वॉर्डांतून उचलून औषधभांडारांत ठेविली, कीं त्या चुकीस जागाच उरत नाहीं.

निबंधांतील एक हिशेब आमच्या मनांतून जात नाहीं. अतिदक्षता विभागांत एका रोग्यासाठीं दिवसाला सरासरी १७८ कृती होतात व त्यांत १.७ चुका. म्हणजे शेंकडा ९९ कामें बिनचूक! शंभरांत ९९ गुण मिळविणाऱ्या मुलाचे आपण पेढे वांटतों. येथें तेवढ्याच गुणांनीं रोज जवळजवळ दोन चुका रोग्याच्या वांट्यास येतात.

शिक्षेचें भय आहे तोंवर चूक कोणी सांगणार नाहीं आणि न सांगितलेली चूक पुन्हा होणार, हें लीप ह्यांचें मुख्य प्रतिपादन. अमेरिकेंत नासा ही संस्था १९७६ पासून वैमानिकांच्या चुकांची वर्दी नांव गुप्त राखून घेत आली आहे. वर्दी घेणारा एक व शिक्षा करणारा दुसरा, हें तिचें मर्म. वैद्यकांतहि तसेंच व्हावें, असें ते म्हणतात.

येथपर्यंत आमचें दुमत नाहीं. परंतु निबंध प्रसिद्ध झाला त्याच डिसेंबरच्या आरंभीं बोस्टनमध्यें बेट्सी लेहमन ही वृत्तपत्रांतील आरोग्यविषयक लेखिका कर्करोगाच्या उपचारांत मरण पावली. चार दिवसांत मिळून द्यावयाचें औषध तिला चारहि दिवस रोज तितकेंच दिलें गेलें होतें. ही गोष्ट दोन महिन्यांनीं, नोंदी चाळणाऱ्या एका कर्मचाऱ्याच्या ध्यानांत आली. दोष रचनेचा होता, हें खरें. पण केवळ गुप्त वर्दीनें तिच्या घरच्यांस काय कळलें असतें? रचनेस दारांत उभी करून जाब विचारतां येत नाहीं. मराठींत आपण ‘चूक’ आणि ‘हयगय’ हे शब्द वेगळे राखले आहेत. लीप ह्यांनीं चुकीची बाजू इतक्या हिरिरीनें मांडली, कीं निबंधांत हयगयीचा विचार मागें पडला, असें आमचें मत आहे.

ह्या उणीवेची जाणीव पुढें त्यांस झालेली दिसते. चूक रोग्यास उघड सांगावी व क्षमा मागावी, असा आग्रह ते नंतर धरूं लागले. हार्वर्डच्या रुग्णालयांनीं २००६ सालीं काढलेल्या निवेदनांत तोच सूर आहे. २०१२ च्या लेखांत तर त्यांनीं डॉक्टरांच्या उर्मटपणावरच बोट ठेविलें. डॉक्टर वसकन् अंगावर आला, तर परिचारिका मात्रेविषयींची शंका दुसऱ्यांदा काढील काय? पुढच्या दारानें घालविलेला मनुष्यस्वभाव असा मागच्या दारानें परत आला, आणि आमच्या मतें लीप ह्यांचें हेंच लेखन सर्वांत सकस आहे.

पुस्तकांत समित्यांचीं व सभांचीं प्रकरणें मात्र फार झालीं आहेत. तीं वाचकानें खुशाल गाळावीं. निबंधाच्या जन्माची हकीकत तेवढी वगळूं नये. एका मोठ्या नियतकालिकानें तो साभार परत केला. दुसऱ्याच्या संपादकानें स्वीकारला, पण वर्तमानपत्रांचें लक्ष फारसें जाऊं नये म्हणून नाताळच्या आठवड्यांत छापला!