खोटें मरण, खरे अश्रु

२०२४ च्या २ फेब्रुवारीस नटी पूनम पांडे यांचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगानें अंत झाल्याचें वृत्त त्यांच्याच इन्स्टाग्राम-खात्यावरून प्रसिद्ध झालें. आणि दुसऱ्याच दिवशीं त्यांनीं स्वतः प्रकट होऊन, रोगाविषयीं जागृति व्हावी म्हणून हें केलें, असें सांगितलें. नाशिक पदवीधर मतदारसंघाचे आमदार सत्यजीत तांबे यांनीं त्यांच्यावर कारवाईची मागणी केली. कायद्याचा निवाडा कायदेपंडितांनीं करावा. आम्हांस पडतो तो प्रश्न कलेचा. रंगभूमीवर रोज पात्रें मरतात आणि पडदा पडतांच उठतात. त्यांस कोणी लबाड म्हणत नाहीं. मग येथेंच दोष कां?

आमच्या मतें भेद कराराचा आहे. तिकीट काढणारा प्रेक्षक जाणूनबुजून फसतो. शोकवार्ता वाचणारा चाहता विश्वासानें फसतो. महाराष्ट्रास हा भेद नवा नाहीं. पानपतावर १७६१ मध्यें पडलेले सदाशिवरावभाऊ जिवंत आहेत, या लोकांच्या वेड्या आशेवर त्यांचा तोतया उभा राहिला. १७७६ मध्यें त्यास देहान्त शासन झालें. त्याच प्रकरणावर न. चिं. केळकरांनीं ‘तोतयाचें बंड’ हें नाटक लिहिलें, तें मात्र कला ठरलें. कारण तेथें सोंग हें सोंग म्हणूनच पुढें येतें.

हेतु चांगला होता, हें समर्थन आम्हांस पटत नाहीं. उद्यां याच रोगानें खरोखर कोणी गेली, तर वाचकाच्या डोळ्यांत पाणी येण्यापूर्वीं मनांत शंका येईल. तिच्या वांट्याचा शोक आधींच खर्ची पडला आहे.