चुंबकीय क्षेत्र आणि पशूंमधील मेलॅटोनिन : उपलब्ध संशोधनाची चिकित्सा
(विशेष संदर्भ : पिंगळी, जि. परभणी)

प्रस्तावना : पिनियल ग्रंथीतून अंधारात स्रवणारे मेलॅटोनिन हे संप्रेरक शरीरास रात्रीची लांबी कळविते. म्हशीसारख्या ऋतूनुसार माजावर येणाऱ्या पशूंमध्ये त्याचा प्रजननाशी निकटचा संबंध आहे. माज चुकला की वेत लांबते व दुधाचे उत्पन्न बुडते. म्हणूनच विद्युतवाहिनीखालील ५० हर्ट्झ चुंबकीय क्षेत्रामुळे मेलॅटोनिन घटते काय, हा प्रश्न पिंगळीच्या पशुपालकासही महत्त्वाचा आहे.

विवेचन : १९९३ मध्ये कातो व सहकाऱ्यांना वर्तुळाकार ध्रुवीकृत क्षेत्रात सहा आठवडे ठेवलेल्या उंदरांमध्ये मेलॅटोनिनची घट आढळली. त्याच वर्षी ली व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात ५०० किलोव्होल्ट वाहिनीखाली वाढविलेल्या मादी कोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथे मेलॅटोनिन व वयात येण्याचा काळ या दोहोंत फरक दिसला नाही. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानेही या विषयावरील प्रमाण अपुरे ठरविले.

२०१५ मध्ये कोल्बाबोव्हा व सहकाऱ्यांचा वासरांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे ४०० नॅनोटेस्लाहून अधिक क्षेत्रात लाळेतील मेलॅटोनिन हिवाळ्यात घटले, तर उन्हाळ्यात वाढले. म्हणजेच ऋतूचा उल्लेख वगळून ‘घट होते’ किंवा ‘परिणाम होत नाही’ असे म्हणणे, ही दोन्ही विधाने अपुरी ठरतात.

हे निष्कर्ष येथे जसेच्या तसे लावता येतील काय? प्रागसारख्या ५० अंश अक्षांशावर सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान दिवसात सुमारे ८ तासांचे अंतर असते. १९ अंशांवरील पिंगळीत ते सव्वादोन तासांच्या आसपास आहे. ऋतुभेदच परिणामाची दिशा ठरवीत असेल, तर येथील उत्तर युरोपातून उसने घेता येणार नाही. शिवाय गोठ्यात रात्रभर जळणारा दिवा मेलॅटोनिन दडपू शकतो आणि उन्हाळ्यातील उष्णतेने म्हशीचा माज मुका राहतो. ही कारणे तपासल्याशिवाय वाहिनीस दोष देणे शास्त्रीय ठरत नाही.

निष्कर्ष : वाहिनीजवळच्या व दूरच्या गोठ्यांतील जनावरांचे, समान प्रकाश व खुराक राखून, दोन्ही ऋतूंत रात्रभर ठरावीक अंतराने नमुने घेणे आवश्यक आहे. तोपर्यंत पशुपालकाची तक्रार फेटाळण्यासाठी अथवा ती सिद्ध मानण्यासाठी या संशोधनाचा आधार घेणे उचित नाही.