निःशुल्क व्याख्याने आणि भाणकाची जबाबदारी

लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाच्या वार्षिक परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली लिहिलेले अध्यक्षीय भाषण प्रत्यक्षात कधीच झाले नाही. मजकुरात फेरफार करण्यास त्यांनी नकार दिला, परिषद बारगळली आणि बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने छापून प्रसिद्ध केले. पहिल्या आवृत्तीच्या १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. 'हरिजन' पत्रात या पुस्तिकेचा परामर्श घेताना गांधीजींनी तिची आठ आणे ही किंमत अधिक असून ती दोन आणे, निदान चार आणे असावी, अशी सूचना केली होती. ते न झालेले भाषण आज कोणालाही एक पैसा न मोजता आंतरजालावर वाचता येते. बाबासाहेबांनी १९१३ ते १९१६ या काळात जेथे अध्ययन केले, त्या कोलंबिया विद्यापीठात फ्रान्सिस प्रिचेट यांनी त्याची एक आवृत्ती सिद्ध केली आहे. तीत भाषणाचे विभाग पाडले आहेत, टिपा दिल्या आहेत आणि १९३६, १९३७ व १९४४ च्या आवृत्त्यांची दखल घेतली आहे. आठ आण्यांचा वाद अशा रीतीने निकाली निघाला. तथापि फुकट मिळालेली वस्तू पुढे देताना ती कशी द्यावी, हा प्रश्न त्यामुळे सुटलेला नाही. किंबहुना आज तोच खरा प्रश्न आहे.

बुलढाणा जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार बौद्धांचे प्रमाण सुमारे १४ टक्के आहे. चिखली, मेहकर या भागांतील गावोगावच्या विहारांतून वर्षावासात 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. सोयाबीनच्या शेतातून परतलेल्या उपासिका हातपाय धुऊन येऊन बसतात. अशाच एका संध्याकाळी वाचन संपल्यावर एका तरुणाने आपला मोबाइल ध्वनिक्षेपकाला जोडला आणि बाबासाहेबांचे भाषण म्हणून दोन मिनिटांची एक ध्वनिफीत ऐकविली. आवाज धीरगंभीर, भाषा हिंदी, मागे संगीत. अनेकांनी हात जोडले. एका वृद्ध उपासिकेने मात्र विचारले, "बाबासाहेब हे कोन्या गावात बोलले, बापू?" तरुणाला उत्तर देता आले नाही. पुढे शोध घेता तो आवाज एका दूरचित्रवाणी मालिकेतील अभिनेत्याचा असल्याचे निष्पन्न झाले. अभिनेत्याचा यात काही दोष नाही. त्याने आपले काम केले होते. त्या तरुणाच्या श्रद्धेबद्दलही मला शंका नाही. परंतु त्या आजीबाईंनी विचारलेला प्रश्न हा बौद्ध परंपरेचा मूळ प्रश्न आहे, हे विद्वानांच्याही सहसा ध्यानात येत नाही.

सुत्तपिटकातील सुत्तांचा आरंभ आठवावा. ऐकणारा प्रथम आपण हे ऐकल्याचे सांगतो, नंतर भगवान त्या वेळी कोठे विहार करीत होते, समोर कोण होते, हे येते, मग उपदेश. पाली परंपरेत या प्रास्ताविकाला निदान म्हणतात. मराठीत हा शब्द वैद्याच्या हाती गेला आहे, ही गोष्ट वेगळी. महापरिनिब्बान सुत्तात तर भोगनगर येथे भगवंतांनी चार महापदेश सांगितले आहेत. एखादे वचन स्वतः भगवंतांच्या तोंडून ऐकल्याचे कोणी सांगितले, तरी ते लगेच स्वीकारू नये व लगेच धिक्कारूही नये. सुत्त आणि विनय यांच्याशी ताडून पाहावे.

बाबासाहेबांनी या विषयाकडे विशेष लक्ष पुरविले होते. वर्षावासात आपण वाचतो त्याच ग्रंथात त्यांनी बुद्धवचनांच्या विपर्यासाची चर्चा केली असून अलगद्दूपम, जीवक आदी पाच सुत्तांचे दाखले दिले आहेत. वचने लिहून ठेवलेली नव्हती, भाणक ती मुखोद्गत करीत; साहित्य विपुल असल्याने स्मरणाची चूक संभवत होती, असे त्यांचे प्रतिपादन आहे. बुद्धाच्या नावावर सांगितलेली गोष्ट विवेकाला धरून आहे काय आणि मानवी कल्याणाशी तिचा संबंध आहे काय, या कसोट्याही त्यांनी तेथेच दिल्या. भाणकाकडे निदान स्मरणशक्ती तरी होती! आजच्या भाणकाला पाठांतर करावे लागत नाही; एक बोट पुरते. वाघिणीच्या दुधाचे सुप्रसिद्ध वाक्य घराघरांतील भिंतींवर आहे, पण त्याखाली सभेचे ठिकाण व तारीख लिहिलेली मी क्वचितच पाहिली आहे.

खोटे ओळखता येते; अर्धवटाचे काय करावे? २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत झालेल्या भाषणातील विसंगतीच्या जीवनाचा उतारा सर्वत्र फिरतो. त्याच भाषणातील राजकारणातल्या विभूतिपूजेविरुद्धचा इशारा त्या मानाने कमी ऐकू येतो, आणि तो का गाळला जातो, हे सांगण्याची आवश्यकता नाही. भिक्खुसंघांना संसदीय कार्यपद्धती अवगत होती, त्यांत आसनव्यवस्था, प्रस्ताव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान यांचे नियम होते, हे बाबासाहेबांनी तेथेच सांगितले. बौद्ध श्रोत्यांसाठी एवढा मोलाचा भाग, पण त्याचे तुकडे कोणी करीत नाही. वास्तविक संविधान सभेचे संपूर्ण कामकाज आंतरजालावर विनामूल्य उपलब्ध आहे. वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ पासून महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेले इंग्रजी खंडही आहेत. बाबासाहेबांचा खरा आवाज ऐकायचा तर १९५३ व १९५५ च्या बीबीसीच्या मुलाखती आहेत. त्या इंग्रजीत आहेत, मागे संगीत नाही, बोलणे रोखठोक आहे. नेमक्या याच कारणांनी त्या आमच्या विहारांपर्यंत पोहोचत नाहीत.

मेहकरच्या शेतमजूर बाईला इंग्रजी खंड फुकट असून काय उपयोग? तिला शुद्ध मराठीत, सावकाश वाचलेले, पूर्ण भाषण कानाने हवे आहे. हे काम विद्यापीठाने करावे म्हणून थांबण्याचे कारण नाही. चांगला वाचणारा शिक्षक प्रत्येक तालुक्यात आहे.

त्या विहारात पुढे तीन संध्याकाळी २५ नोव्हेंबरचे भाषण मराठीत आरंभापासून अखेरपर्यंत वाचण्यात आले. पहिल्या दिवशी जरा चुळबूळ झाली, दोघेतिघे मध्येच उठून गेले. संघातील मतदानाचा भाग आला तेव्हा मात्र ग्रामपंचायतीच्या निवडणुकीवरून बरीच चर्चा रंगली व वाचन थांबवावे लागले. प्रत्येक दिवशी प्रारंभी तोच तरुण उभा राहून स्थळ, सभा आणि तारीख सांगत होता. तिसऱ्या दिवशी निघताना आजीबाईंनी त्याला थांबवून विचारले, "मंग महाडचं कवा वाचतं?"