गर्दीचं भूत

आपल्याकडच्या भुताला पत्ता असतो. मुंजा पिंपळावर, हडळ विहिरीपाशी, ब्रह्मसमंध पडक्या वाड्यात, देवचार वेशीवर. पत्त्याच्या जोडीला गाऱ्हाणं असतं: कुणाची सोडमुंज व्हायची राहिली, कुणी बाळंतपणात गेली, कुणाचं धन भिंतीत पुरलेलं राहिलं. आणि गाऱ्हाणं असलं की तोडही असते. नारळ, कोंबडं, लिंबाचा उतारा. त्यानं भागलं नाही तर त्र्यंबकेश्वरी जाऊन नारायण नागबळी. मराठी भूत मेल्यावरही देण्याघेण्याला पक्कं असतं. झॉम्बीचं तसं नाही. त्याला नाव नाही, मागणं नाही, तो कुणाच्या अंगात येऊन बोलत नाही. भगतानं त्याला विचारायचं तरी काय? मराठीत झॉम्बीकथा इतक्या उशिरा आली आणि आल्यावरही इतकी तुरळक राहिली, त्याचं कारण मला इथंच दिसतं. आपल्या भीतीला समोर कुणी एक लागतो. झॉम्बी येतो तो जथ्यानं.

त्याच्या सगळ्यात जवळचा आपला नातलग म्हणजे वेताळ. वेताळ पंचविशीत तो झाडाला लटकलेल्या प्रेतात शिरतो. म्हणजे मढं उठवण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. पण उठून तो करतो काय, तर राजाच्या खांद्यावर बसून गोष्ट सांगतो आणि न्याय कसा करशील ते विचारतो. तळकोकणात तर तो ग्रामदैवतच झाला. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीच्या वेतोबाला भलेथोरले चामडी जोडे वाहतात, कारण रात्री गावाची राखण करत फिरताना त्याचे जोडे झिजतात अशी श्रद्धा आहे. प्रेतांच्या राजालाही आपण गस्तीची ड्युटी लावून टाकली.

झॉम्बी मुळात हैतीचा. उसाच्या मळ्यांत राबवलेल्या आफ्रिकी गुलामांच्या समजुतींतून तो आला: मरणानं तरी सुटका होईल म्हणावं, तर मांत्रिक प्रेत उठवून पुन्हा कामाला जुंपतो. तेव्हा झॉम्बी चावेल अशी भीती नव्हती. आपणच झॉम्बी होऊ ही भीती होती. विल्यम सीब्रुकच्या ‘द मॅजिक आयलंड’ (1929) या पुस्तकानं ही कल्पना अमेरिकेत नेली, 1932 मध्ये ‘व्हाइट झॉम्बी’ हा चित्रपट निघाला. आज आपल्या डोळ्यांसमोर येतो तो झॉम्बी मात्र जॉर्ज रोमेरोच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’नं 1968 मध्ये घडवला. मांत्रिक गेला, मळा गेला, उरली नुसती वाढत जाणारी संख्या. हे कशामुळं झालं? शुक्राकडून परतणाऱ्या यानाच्या किरणोत्साराबद्दल बातम्यांत काहीतरी कानावर पडतं आणि तिथंच विरतं. रोमेरोला कारणात रस नव्हताच. एका घरात अडकलेली माणसं तळघरात जायचं की वर थांबायचं यावरून कशी भांडतात, हे त्याला दाखवायचं होतं.

आता आपला ‘झोंबिवली’. आदित्य सरपोतदारांचा हा चित्रपट 26 जानेवारी 2022 ला लागला, तेव्हा तिसरी लाट चालू होती आणि थिएटरं निम्म्या क्षमतेनं चालत होती. अमेय वाघ, ललित प्रभाकर, वैदेही परशुरामी. डोंबिवलीत नव्यानं राहायला आलेलं मध्यमवर्गीय जोडपं, बायको गरोदर. टॉवरच्या शेजारी वस्ती. वस्तीत पाण्याची मारामार. आणि पाण्यातूनच सुरू होणारी साथ. जागेची निवड अचूक होती. झॉम्बीला गर्दी लागते आणि मराठी मध्यमवर्गाची गर्दी डोंबिवलीइतकी दुसरीकडं कुठं? टॉवर आणि वस्ती यांच्यामधली भिंत हा तर रोमेरोलाही आवडला असता असा मुद्दा. पहिल्या अर्ध्यात चित्रपट तो मस्त खेळवतो. वाघच्या भेदरलेल्या चेहऱ्यावर एरवी थोरामोठ्यांना न जमणारं विनोद आणि भीतीचं मिश्रण सहज उमटतं.

गाडी अडते ती पुढं. पाण्यामागं पाण्याचाच धंदा करणारा खलनायक सापडतो. गुन्हेगार सापडला की साथ ही साथ राहत नाही, प्रकरण होते. आणि प्रकरण निकालात काढता येतं. म्हणजे मागच्या दारानं तेच जुनं भूत परत आलं: पत्ता आहे, गाऱ्हाणं आहे, तोड आहे, फक्त मांत्रिकाच्या जागी नायक. प्रसिद्धीच्या गाण्याचं नाव ‘अंगात आलया’, आणि त्यात सिद्धार्थ जाधव नाचतो. गाणं झकास आहे, पण झॉम्बी कळला नसल्याची कबुलीही त्यातच आहे.

सरपोतदारांना हे बहुधा आतून जाणवलं असावं. त्यांचा पुढचा मोठा चित्रपट ‘मुंज्या’ (2024), आणि त्यात ते घरी परतल्यासारखे मोकळे वाटतात: कोकण, झाड, अपुरी इच्छा, लग्नाचा हट्ट. तो शंभर कोटींच्या पुढं गेला. गंमत अशी की परक्या देशातला झॉम्बी मराठीत आला आणि अस्सल कोकणी मुंजा हिंदीत. हिंदीचंही झॉम्बीच्या बाबतीत फार बरं नाही. ‘गो गोवा गॉन’ (2013) मजेदार आहे, पण बेट, पार्टी आणि ड्रग्ज म्हणजे सुट्टीवर गेलेल्यांची साथ. सोमवारी ऑफिसला जाणाऱ्याला तिची धास्ती वाटायचं कारण नाही. ‘बेताल’ (2020) ही मालिका ऐन टाळेबंदीत नेटफ्लिक्सवर आली. तिच्यात कंपनी सरकारचे मेलेले गोरे शिपाई शापित बोगद्यातून बाहेर पडतात. वेताळाचं नाव घेऊनही त्याच्याशी काहीच न केलेली ती मालिका.

लिखित साहित्यात नारायण धारपांचं नाव टाळता येत नाही. त्यांची ‘लुचाई’ स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली. तिथं झॉम्बी नाहीत, रक्तपिपासू आहेत, पण एकेक घर करत गाव आतून पोखरलं जाण्याची जी रीत तिच्यात आहे ती मराठीत साथीच्या भयकथेच्या सर्वांत जवळ पोचते. धारपांची ताकद वाड्यात, अंधाऱ्या खोलीत, शेजारपाजारच्या कुजबुजीत. रत्नाकर मतकरींची माणसाच्या मनात. दोघांनाही रेल्वेच्या प्लॅटफॉर्मशी कर्तव्य नव्हतं, आणि त्यांच्याकडून ती अपेक्षा धरणंही बरोबर नाही.

साथ खरोखर चालते कशी, हे मात्र आपल्याला बाहेरून शिकायची गरज नव्हती. 1927 मध्ये कर्मॅक आणि मॅकेन्ड्रिक यांनी साथीचं जे गणित मांडलं, त्यात लोकसंख्येचे तीन कप्पे केले: लागण होऊ शकेल असे, लागण झालेले आणि बरे होऊन किंवा मरून साथीतून बाहेर पडलेले. हे गणित ताडून बघायला त्यांनी आकडे वापरले ते मुंबई बेटावरच्या 1905-06 मधल्या प्लेगच्या मृत्यूंचे. पुढं 2009 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी (त्यांतले रॉबर्ट स्मिथ? आपल्या नावापुढं प्रश्नचिन्ह लावतात) तिसऱ्या कप्प्याला भोक पाडलं: मेलेले परत लागण झालेल्यांत येतात. एवढ्या एका बदलानं सगळं उलटं होतं. अलगीकरण बहुतेक वेळा फसतं. औषध सापडलं तर थोडी माणसं झॉम्बींच्या शेजारी तग धरतात. लवकर आणि वाढत्या जोरानं वारंवार हल्ले केले तरच निभाव लागतो. झॉम्बीच्या गणिताचा पणजोबा मांडवी-भुलेश्वरच्या चाळींतून गेलेला आहे आणि आपल्या एकाही झॉम्बीपटाला त्याची आठवण नाही.

शरीराचं म्हणाल तर चालतं प्रेत टिकणं कठीण. स्नायू आखडायला ऊर्जा लागते तशी सैल व्हायलाही लागते. ती थांबली की काही तासांत देह ताठरतो. त्यात आपला दमट उन्हाळा, कावळे, भटकी कुत्री, खाडीतले खेकडे. आठवडाभरात विषय संपला. म्हणून ‘28 डेज लेटर’पासून (2002) कथाकारांनी प्रेत सोडलं आणि जिवंत रोगी धरला. त्याला खऱ्या रोगांतला जवळचा म्हणजे रेबीज: लाळेतून, चाव्यातून पसरणारा, मेंदूवर चढणारा, लक्षणं दिसल्यावर जवळजवळ खात्रीनं मारणारा. पण रेबीजला अंगात मुरायला आठवडे, कधी महिने लागतात, आणि माणसाकडून माणसाला तो सहसा जात नाही.

खरी मेख या मुरण्याच्या वेळेत आहे, आणि इथं वसई-विरार उपयोगी पडतं. पडद्यावरचे झॉम्बी काही सेकंदांत उलटतात. असा रोग नालासोपाऱ्यात सुरू झाला तर तो नालासोपाऱ्यातच राहील. चावलेला माणूस जिना चढून फलाटावर पोचायच्या आत उलटला की गोंधळ होणार, गाड्या थांबणार, आणि दक्षिणेला नायगाव-भाईंदरमधली खाडी, उत्तरेला वैतरणा. रेल्वेचे पूल आणि महामार्गावरचा वर्सोव्याचा पूल रोखले की मुंबई बरीचशी वाचली. याउलट रोगानं दोन तास घेतले तर? विरार ते चर्चगेट 60 किलोमीटर, फास्ट गाडीनं साधारण दीड तास. 6 वाजता चावा, साडेसातला चर्चगेट, आठला लिफ्टमध्ये. कोरियाच्या ‘ट्रेन टू बुसान’नं (2016) डब्यांमधल्या दारांवर अख्खा थरार उभा केला, आपल्या साध्या लोकलमध्ये एका डब्यातून दुसऱ्यात जाताच येत नाही. आधीच चावलेला कुणी गाडीतच उलटला, तर प्रत्येक डबा स्वतंत्र साथ. वसईहून चढलेल्याला आत सरकता येत नाही, दारातल्यांना बाहेर पडता येत नाही, खिडकीला गज. कोण उलटला हे कळायलाच मालाड येईल, कारण या गर्दीत गुरगुरणं, ढकलणं आणि खांद्यावर मान टाकणं यांना लक्षण म्हणता येत नाही. एसी लोकलची दारं आपोआप मिटतात आणि तिच्या डब्यांतून इकडून तिकडं जाता येतं. ते जास्त भयंकर की कमी, हे ठरवायला एक चांगला पटकथाकार हवा.

पाण्याचं सूत्रही ‘झोंबिवली’पेक्षा इथं जास्त गुंत्याचं आहे. सूर्या धरणाचं पाणी, त्याला पेल्हार-उसगावची जोड, आणि तरीही टँकर, तरीही वीस लिटरचे जार. पश्चिम पट्ट्यातल्या गावांच्या विहिरी टँकरवाल्यांनी उपसल्या, त्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या पुढाकारानं हरित वसईची चळवळ उभी राहिली, हा इतिहास आहे. या साखळीत दोषी एक नसतो. इमारत बांधणारा, परवानगी देणारा, टँकर भरणारा, विहीर देणारा आणि फ्लॅट घेऊन राहायला आलेला मी, सगळेच तिच्यात येतात. अशी साथ एका खलनायकाला मारून थांबवता येत नाही, म्हणूनच ती लिहायला हवी.

2020 नं तर मसुदा लिहूनच दिला होता. सोसायटीच्या गेटवर दोरी बांधलेली, वॉचमनच्या हाती थर्मामीटरची बंदूक; कामवाली बाहेर, पाचव्या मजल्यावरची नर्सही जवळजवळ बाहेर. दुधाच्या पिशव्या साबणानं धुऊन दोरीवर. मेमध्ये वसईच्या सनसिटी मैदानावर श्रमिक गाड्यांसाठी हजारोंची गर्दी लोटली. हे झॉम्बीपटातलं ओळखीचं दृश्य: शहर सोडून पळणारी माणसं. पण जुलैत नालासोपाऱ्यात जे झालं ते मी कुठल्याच झॉम्बीपटात पाहिलेलं नाही. लोकल फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांना, एसटीच्या गाड्या मिळेनात, तेव्हा खासगी नोकरीतले लोक रुळांवर उतरले. ते पळत नव्हते. साथ ऐन भरात असलेल्या मुंबईत आम्हाला कामावर जाऊ द्या, अशी त्यांची मागणी होती. पगार कापला जात होता.

हैतीच्या मळ्यातली मूळ भीती इतक्या नेमकेपणानं समोर आली होती, आणि आपले कथाकार तेव्हा हॉलिवूडचा मेकअप शिकत होते. ‘झोंबिवली’च्या रक्ताळलेल्या जबड्यांत खोट काढण्यासारखं काही नाही, ते काम उत्तम झालं आहे. राहून गेलंय ते याच्या आधीचं: चावलेला माणूस मस्टरवर सही करायला का जातो, बायको त्याला जाऊ का देते, आणि फलाटावर शेजारी उभा असलेला त्याच्या मनगटावरचा रुमाल बघूनही गप्प का राहतो.

वसईत कुणी झॉम्बीपट काढायला आलाच, तर तो सरळ किल्ल्यात जाईल हे मी आत्ताच सांगतो. चिमाजीअप्पांनी 1739 मध्ये घेतलेल्या त्या पडक्या तटांत आणि छप्पर उडालेल्या चर्चमध्ये कॅमेरा कुठंही ठेवला तरी दृश्य मिळतं; कोल्डप्लेलाही 2016 च्या व्हिडिओसाठी तिथंच यावंसं वाटलं. पण किल्ला मुंजाच्या, समंधाच्या कामाचा, जुन्या भुताचा. बचावालाही तो कुचकामी, कारण त्याच्या मधोमध कोळीवाड्याकडं जाणारा रस्ता आहे आणि त्यावरून दिवसभर रिक्षा चालतात. शूटिंग करायचं तर नालासोपारा स्टेशनच्या पुलावर, सकाळी सहाला. रेल्वे परवानगी देणार नाही, तेव्हा सेट लावावा लागेल, आणि पैसा गर्दीवर खर्च होईल, मेकअपवर नाही.