संगणकाच्या माऊसची रचना : नवशिक्या हाताच्या निकषावर एक चिकित्सा

प्रस्तावना :
माऊसच्या रचनेचा इतिहास बहुधा अखंड प्रगतीचा इतिहास म्हणून मांडला जातो. प्रस्तुत लेखात त्याकडे धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यासारख्या ग्रामीण भागात प्रौढ वयात प्रथमच माऊस हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने पाहिले आहे. माऊस अचूक व टिकाऊ झाला. परंतु तो शिकण्यास सोपा झाला काय, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

रचनेचे टप्पे :
डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेनुसार बिल इंग्लिश यांनी १९६४ मध्ये पहिला माऊस तयार केला. लाकडी पेटी, तिच्या तळाशी काटकोनात बसविलेली दोन चाके आणि वर एक बटण असे त्याचे स्वरूप होते. १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात चाकांची जागा गोळीने घेतली. गोळीबरोबर धूळ आत जाई व रुळांवर मळ साचे. मग तळाची चकती फिरवून गोळी काढावी लागे आणि मळ नखाने खरवडावा लागे. उन्हाळ्यात फुफाटा उडणाऱ्या बालाघाटच्या पठारावर ही अडचण लहान नव्हती. १९९९ च्या इंटेलिमाऊस एक्सप्लोररनंतर ऑप्टिकल माऊसचा प्रसार झाला आणि ती मिटली. हे या उत्क्रांतीचे निर्विवाद यश होय.

बटणांचा प्रश्न :
झेरॉक्सच्या आल्टो (१९७३) संगणकाच्या माऊसला तीन, स्टारला (१९८१) दोन, तर ॲपलच्या लिसाला (१९८३) एकच बटण होते. नवशिक्याचा गोंधळ टळावा हा एका बटणामागील हेतू रास्त होता. मात्र बटण कमी होताच त्याची जागा वेळेच्या अटीने घेतली. तेच बटण एकदा दाबले तर एक अर्थ, झटपट दोनदा दाबले तर दुसरा. दोन दाबांमध्ये हात किंचित सरकला तरी संगणक वेगळाच अर्थ लावतो. अवघडपणा वस्तूतून निघून वापरणाऱ्याच्या बोटांवर आला. खुरपे चालविताना हात आणि नजर एकाच जागी असतात. माऊस चालविताना हात मेजावर आणि नजर पडद्यावर असते. ही फारकत कोणत्याही आवृत्तीने दूर केली नाही.

मूल्यमापनाचा निकष :
कार्ड, इंग्लिश व बर यांच्या १९७८ च्या प्रसिद्ध अभ्यासात माऊस जॉयस्टिक व कळांपेक्षा सरस ठरला. तेथील मुख्य तुलना सरावलेल्या हाताच्या वेगाची आणि चुकांची होती. पहिल्या तासातील संकोच हा त्या तुलनेचा गाभा नव्हता. पुढे तर नजरेला सुंदर दिसणे हाताच्या सोयीवर मात करू लागले. आयमॅकच्या गोल माऊसची (१९९८) दिशा हाताला कळत नसे. ॲपलने २००० मध्ये तो बदलला. २०१५ च्या मॅजिक माऊसला चार्जिंगची जागा तळाशी दिली गेली. परिणामी चार्जिंग चालू असताना तो वापरताच येत नाही.

निष्कर्ष :
२००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे माऊस तालुक्याच्या गावांतील शिक्षक, कर्मचारी व गृहिणींच्या हाती आला. डबल क्लिक न जमणे हे तेथे अनेकदा शिकणाऱ्याच्या मंदपणाचे लक्षण मानले जाते. वस्तुतः तो रचनेतील दोष आहे आणि त्यावरील उपायही यंत्रातच आहे. डबल क्लिकचा वेग कमी करता येतो, डावखुऱ्यांसाठी बटणांची अदलाबदल करता येते, चिन्ह निवडून एंटर कळ दाबली तरी काम होते. अध्यापकाने पहिल्या तासापूर्वीच हे बदल करून ठेवावेत. वस्तूची उणीव माणसाच्या माथी मारली गेली, की पुष्कळ प्रौढ विद्यार्थी संगणकापासून कायमचे दुरावतात. माऊसच्या उत्क्रांतीचे खरे मोजमाप या पहिल्या तासातच व्हावयास हवे.