आकाश दाखवणारी माणसं

दूरचित्रवाणीवर खगोलशास्त्र दाखवणं हे मुळातच अवघड काम. वन्यजीवांच्या माहितीपटात वाघ धावतो, शिकार करतो, पिल्लांना चाटतो. कॅमेरामन चिकाटीने बसून राहिला की निम्मं काम झालं. तारा मात्र काहीच करत नाही. त्याचं आयुष्य कोट्यवधी वर्षांचं, आणि मोठ्या दुर्बिणीतूनही बहुतेकदा तो ठिपकाच दिसतो. त्यामुळे इथे सगळी भिस्त सांगणाऱ्यावर. गेल्या साठ-सत्तर वर्षांतल्या अशा सांगणाऱ्यांकडे पाहिलं तर माझं एक मत होतं: चित्रं अफाट सुधारली, पण ‘हे कळलं कसं?’ याचं उत्तर देण्याची सवय मोडत चालली आहे.

बीबीसीचा ‘द स्काय ॲट नाइट’ २४ एप्रिल १९५७ रोजी सुरू झाला, म्हणजे स्पुटनिक उडण्याच्याही पाच महिने आधी. पहिल्या भागाचा विषय होता तेव्हा आकाशात दिसत असलेला आरेंड-रोलां धूमकेतू. सादरकर्ते पॅट्रिक मूर यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. एका डोळ्याला भिंग, अंगावर ढगळ कोट आणि बोलण्याचा वेग असा, की श्रोत्याला श्वास घ्यायची चोरी. ९ डिसेंबर २०१२ रोजी निधन होईपर्यंत, म्हणजे पंचावन्न वर्षं, ते हा मासिक कार्यक्रम करत राहिले. या एवढ्या काळात त्यांचा एकच भाग हुकला, तोही २००४ साली विषबाधा झाल्यामुळे. ऑक्टोबर १९५९ मध्ये लुना-३ या सोव्हिएत यानाने टिपलेली चंद्राच्या पलीकडच्या बाजूची छायाचित्रं आली, ती हा कार्यक्रम थेट चालू असतानाच. मूर स्वतः वर्षानुवर्षं चंद्राच्या कडेच्या भागांचे नकाशे काढत आलेले, त्यामुळे त्यांना ती धूसर चित्रं वाचता येत होती. कार्यक्रमाचं नेपथ्य यथातथाच असे. पण या महिन्यात कुठल्या दिशेला, किती वाजता, काय पाहायचं हे त्यात सांगितलेलं असे, आणि प्रेक्षकाला संच बंद करून अंगणात जावं लागे. नंतरच्या फार थोड्या कार्यक्रमांनी आपल्या प्रेक्षकाला असं बाहेर पाठवलं.

कार्ल सेगन यांची ‘कॉसमॉस’ ही तेरा भागांची मालिका अमेरिकेत सप्टेंबर १९८० मध्ये आली. सेगन यांचा हेल, पोलोनेकचा स्वेटर, कल्पनेचं जहाज, व्हँजेलिसचं संगीत यांच्या नकला अजून होतात. मला त्यातला सर्वात मोलाचा वाटतो तो पहिल्याच भागातला ग्रीक विद्वान इरॅटोस्थेनिसचा प्रसंग. सेगन इजिप्तचा पुठ्ठ्याचा नकाशा हातात घेतात. त्यावर दोन छोटे स्तंभ, एक अलेक्झांड्रियाचा, एक सायीनचा. पुठ्ठा सपाट असेल तर दोन्ही सावल्या सारख्या पडतात. वाकवला की एक लांबते. सावल्यांतला फरक साधारण सात अंशांचा, म्हणजे वर्तुळाचा पन्नासावा भाग. दोन गावांतलं अंतर मोजा, पन्नासने गुणा, पृथ्वीचा परीघ मिळाला. ना संगणक, ना स्फोट. शाळेतल्या कुठल्याही मुलाला घरी करून पाहता येईल असा पुरावा सेगन पडद्यावर मांडतात आणि मगच पुढे जातात.

मालिकेत दोष आहेत. अलेक्झांड्रियाचं ग्रंथालय आणि तिथल्या गणितज्ञ हायपेशियाचा अंत यांची सांगड सेगन यांनी इतिहासाला परवडणार नाही इतकी नाट्यमय केली. दहाव्या भागात ते तमिळनाडूत येतात, पोंगल दाखवतात, चोळांच्या कांस्य नटराजासमोर थांबतात आणि ब्रह्मदेवाचा अहोरात्र ८.६४ अब्ज वर्षांचा असल्याचं सांगतात. हा आकडा आधुनिक कालगणनेच्या जवळ जातो खरा, पण तो योगायोगच म्हणायला हवा, असं सेगन तिथेच सुचवतात. आपल्याकडे मात्र तेवढंच वाक्य कापून चित्रफिती फिरवल्या जातात. त्याचा दोष सेगन यांच्याकडे जात नाही.

२०१४ मध्ये नील डिग्रास टायसन यांना घेऊन ‘कॉसमॉस’ पुन्हा आली. तिच्या पहिल्याच भागात जिओर्दानो ब्रूनोची चित्रकथा लांबलचक चालते. ब्रूनोला १६०० साली रोममध्ये जाळलं हे खरं, पण त्याच्यावरच्या आरोपांत धर्मतत्त्वांचे मुद्दे मुख्य होते. त्याला विज्ञानाचा हुतात्मा ठरवल्याबद्दल इतिहासकारांनी कान उपटले, ते योग्यच झालं. टायसन बोलतात झकास, पण सेगन यांच्या हातातला तो पुठ्ठा त्यांच्या हाती क्वचितच दिसतो.

भौतिकशास्त्रज्ञ ब्रायन कॉक्स हा वेगळा मामला. ‘वंडर्स ऑफ द सोलर सिस्टिम’ (२०१०) या मालिकेच्या पहिल्या भागात ते २२ जुलै २००९ च्या खग्रास ग्रहणासाठी वाराणसीत घाटावर गर्दीत उभे आहेत. त्या सकाळी सुरतेसह अनेक ठिकाणी ढगांनी घात केला होता, वाराणसीत सूर्य दिसला. पुढच्या वर्षी ‘वंडर्स ऑफ द युनिव्हर्स’मध्ये ते नामिबियाच्या वाळूत गाडल्या गेलेल्या कोलमान्सकोप या ओसाड खाणगावात जातात आणि वाळूचा किल्ला करून एन्ट्रोपी समजावतात. ताऱ्याचा गाभा कोसळतो कसा हे सांगायला रिओतला एक रिकामा तुरुंग सुरुंगाने पाडलेला दाखवतात. कल्पना उत्तम. पण कॉक्स डोंगरमाथ्यावर उभे, केस वाऱ्यावर आणि पार्श्वसंगीताचा पूर, हे इतक्या वेळा येतं की निवेदन बुडतं. प्रेक्षकांच्या तक्रारींनंतर बीबीसीने पुढच्या भागांत संगीत कमी केलं. कॉक्स यांना ते रुचलं नव्हतं. मी प्रेक्षकांच्या बाजूचा.

याच कॉक्स यांचा ‘स्टारगेझिंग लाइव्ह’ मला अधिक महत्त्वाचा वाटतो. जॉड्रेल बँक वेधशाळेतून थेट होणाऱ्या या कार्यक्रमात २०१२ साली प्रेक्षकांना केपलर दुर्बिणीच्या नोंदी चाळायला सांगितलं. ग्रह समोरून गेला की ताऱ्याच्या प्रकाशात पडणारी किंचित घट शोधायची, एवढंच काम. त्यातून एक संभाव्य ग्रह हाती लागला. ‘कसं कळलं’ हे सांगण्याऐवजी लोकांकडूनच करवून घेतलं.

अमेरिकी केबल वाहिन्यांच्या मालिकांबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. दर जाहिरातीनंतर मागचंच पुन्हा, दर भागात पृथ्वीचा अंत. लघुग्रहांच्या पट्ट्यात दगडांची दाटी दाखवतात. प्रत्यक्षात तिथल्या मोठ्या दगडांमध्येही लाखो किलोमीटरचं अंतर असतं आणि यानं सुखरूप पार जातात. निर्वात पोकळीत धडाम् आवाज येतात. हबलने १९९५ मध्ये टिपलेल्या गरुड तेजोमेघातल्या स्तंभांचं चित्र सगळ्यांनी वापरलं, पण त्यातला लाल रंग गंधकाला, हिरवा हायड्रोजनला आणि निळा ऑक्सिजनला नेमून दिलेला आहे, हे सांगायला अर्धं मिनिटही कुणी काढत नाही. सांगितलं तर चित्र उलट जास्त रंजक होईल.

आता आपल्याकडे. १६ फेब्रुवारी १९८० रोजी कारवारच्या किनाऱ्यावरून कोणार्ककडे खग्रास ग्रहणाची सावली गेली, तेव्हा लोकांनी घरात बसावं म्हणून दूरदर्शनने दुपारी हिंदी सिनेमा लावला होता. २४ ऑक्टोबर १९९५ ला त्याच दूरदर्शनने ग्रहणच थेट दाखवलं आणि प्रा. यशपाल समालोचन करत होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विश्वकिरणांवर काम केलेला हा माणूस. पुढे १९७५-७६ मध्ये २,४०० खेड्यांत उपग्रहामार्फत दूरचित्रवाणी पोचवणाऱ्या ‘साइट’ प्रयोगात अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राचे प्रमुख म्हणून सामील. दूरदर्शनच्या ‘टर्निंग पॉइंट’ या विज्ञान कार्यक्रमात ते प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं देत, अडखळत, विचार करत. तो विचार पडद्यावर दिसे, हे त्यांचं बळ.

जयंत नारळीकरांनी दूरदर्शनसाठी ‘ब्रह्मांड’ मालिका केली. सही मागणाऱ्या मुलांना ते पोस्टकार्डावर प्रश्न पाठवायला सांगत आणि उत्तराखाली सही करत. महास्फोट सिद्धान्ताबद्दलचे स्वतःचे आक्षेप त्यांनी कधी लपवले नाहीत. त्यामुळे विज्ञानात मतभेद असतात आणि ते पुराव्याने लढवले जातात, हे ऐकणाऱ्याला आपोआप कळे. २० मे २०२५ रोजी ते गेले. त्यांच्या उंचीचा माणूस आज वाहिन्यांना मिळणार नाही, हे मान्य. पण शोधतंय तरी कोण? खगोल अभ्यासक दा. कृ. सोमणांसारख्यांना ग्रहणाच्या दिवशी दोन मिनिटं मिळतात आणि त्यानंतर राशींवरचा परिणाम सांगणारे अर्धा तास बसतात. २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रयान-३ उतरलं तेव्हा इस्रोचं यूट्यूबवरचं प्रक्षेपण एकाच वेळी ऐंशी लाखांच्या आसपास लोक पाहत होते. तेव्हा प्रेक्षक नाहीत ही सबब आता चालणार नाही.

मराठी वाहिन्यांच्या संपादकांना एक तारीख सुचवतो. २ ऑगस्ट २०२७ रोजी इजिप्तमध्ये लक्सरजवळ सहा मिनिटांहून अधिक काळ खग्रास ग्रहण असेल, आणि दुपारनंतर महाराष्ट्रातून ते खंडग्रास दिसायला हवं. पण आपल्याकडे भर पावसाळा. बहुतेक ठिकाणी ढग असतील आणि लोकांपाशी पडद्याशिवाय दुसरं आकाश नसेल. खगोल मंडळ आहे, ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, आयुका पुण्यातच आहे. त्यांच्यातला एखादा नीट मराठी बोलणारा माणूस आत्ताच हेरा, त्याला महिन्यातून अर्धा तास द्या, आणि त्या दिवशी ज्योतिषांना सुट्टी द्या.