ज्ञानाची जबाबदारी : मुक्तिबोधांच्या कवितेतील विज्ञान आणि इतिहास

विज्ञान, कला, इतिहास आणि सामाजिक जाणीव ह्यांचा समन्वय साधणारी कविता, असा गौरव अनेक काव्यसंग्रहांच्या वाट्यास येतो. हा गौरव करताना समीक्षक बहुधा विषयांची मोजदाद करीत असतो. एका कवितेत अणू आला, दुसरीत शिलालेख आला, तिसरीत दुष्काळ आला, म्हणजे समन्वय सिद्ध झाला, अशी ही समजूत आहे. परंतु विषय शेजारी शेजारी मांडणे निराळे आणि ते परस्परांत मुरणे निराळे. हा भेद नेमका कोठे पडतो हे ठरविल्यावाचून अशा कवितेचे मूल्यमापन संभवत नाही.

रायपूर जिल्ह्यातील अभनपूरचे उदाहरण घेऊ. रायपूरहून धमतरीकडे जाणारा अरुंद रुळांचा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी येथून गेला आणि येथूनच त्याची एक शाखा राजिमाकडे फुटली. राजिम येथे महानदीच्या काठी राजीवलोचनाचे प्राचीन मंदिर आहे आणि त्या मंदिरात ११४५ सालचा जगपालाचा शिलालेख आहे. लोहमार्ग ह्या भूमीत येत होता त्याच सुमारास, १८९६–९७ आणि १८९९–१९०० ह्या वर्षी, दुष्काळांनी छत्तीसगढ होरपळून निघाले होते. यंत्र, शिल्प, इतिहास आणि भूक ही चारही द्रव्ये येथे एका दिवसाच्या वाटेवर आहेत. एखादा कवी त्यांवर चार सुबक कडवी सहज रचील. पण त्यांतून वाफेचे यंत्र काढून बैलगाडी ठेवली आणि तरीही दुष्काळाच्या कडव्याचा अर्थ तसूभरही बदलला नाही, तर त्या रचनेत समन्वय झाला नाही असेच म्हणावे लागेल. एक घटक काढून घेताच उरलेल्यांचा अर्थ ढासळतो काय, ही अशा कवितेची खरी कसोटी होय.

ह्या कसोटीस उतरणारी कविता ह्याच प्रदेशात लिहिली गेली, आणि ती लिहिणाऱ्याची मातृभाषा मराठी होती. गजानन माधव मुक्तिबोध (१९१७–१९६४) हे नागपुरातील खडतर वर्षांनंतर १९५८ साली राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापक झाले. त्यांच्या हयातीत त्यांचा एकही स्वतंत्र काव्यसंग्रह निघाला नाही. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा संग्रह १९६४ साली त्यांच्या मृत्यूनंतर आला. त्यांनी कवितेसाठी हिंदी पत्करली. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध (१९२१–१९८४) हे मराठीचे कवी आणि समीक्षक झाले.

‘अंधेरे में’ ह्या दीर्घ कवितेतील एक प्रतिमा येथे विचारात घेण्याजोगी आहे. भूमीच्या पृष्ठभागाखाली फार खोल एक निसर्गनिर्मित गुहा आहे. तिच्या तळाशी, काळोखात, किरणोत्सर्गी रत्ने विखुरली आहेत. ही रत्ने म्हणजे आपलेच अनुभव, आपलीच वेदना आणि आपल्याच विवेकाने काढलेले निष्कर्ष होत, हे निवेदकास उमगते. लोकांच्या उपयोगी पडू शकणारे हे धन आपणच गुहेत लोटले, कारण ते धोक्याचे होते, अशी कबुली तो देतो. आणि त्याच दमात त्याला भीक मागणारी मुले आठवतात.

येथे किरणोत्सर्गाच्या जागी साधे रत्न ठेवून पाहावे. साधे रत्न बाहेरचा प्रकाश पडला तरच चमकते. अंधारात ते निव्वळ खडा असते. त्याला पुरले तर ते पुरलेलेच राहते. किरणोत्सर्गी द्रव्याचे तसे नाही. त्याचे तेज आतून, अखंड बाहेर पडत असते. रेडियमची ही शक्ती निम्म्यावर येण्यास सुमारे १६०० वर्षे लागतात. त्यावर माती लोटल्याने त्याची क्रिया थांबत नाही. आणि त्याच्याशी निष्काळजीपणे वागणाऱ्यास ते इजाही करते. दडपलेले सत्य दडपणाऱ्याच्या अंतर्यामी सक्रिय राहते आणि त्यालाच पोखरते, हा नैतिक अर्थ ह्या भौतिक गुणधर्मावाचून उभाच राहू शकत नाही. विज्ञान काढून घेतले की सामाजिक आशय कोसळतो. मुक्तिबोध ज्याला ‘संवेदनात्मक ज्ञान’ आणि ‘ज्ञानात्मक संवेदना’ म्हणतात, त्याचे ह्याहून स्वच्छ उदाहरण देता येणार नाही.

इतिहासाच्या बाबतीतही हेच दिसते. त्याच कवितेत रात्रीच्या नगरातून एक गूढ मिरवणूक जाते. तीत सेनाधिकारी, पत्रकार, विद्वान आणि कुप्रसिद्ध गुन्हेगार एकत्र चालत असतात. पुढे निवेदक टिळकांच्या पुतळ्यापाशी येतो, आणि त्या पाषाणमूर्तीच्या नाकातून रक्त गळू लागते. मराठी वाचकाने येथे थबकावे. आपल्या कवितेत इतिहासपुरुष बहुधा गौरवाचा विषय म्हणून येतो. येथे तो वर्तमानाने जखमी झालेला म्हणून येतो. इतिहास संपलेला नाही, आपल्या आजच्या भ्याडपणाचे घाव त्यावर पडत असतात, हा विचार दगडातून झिरपणाऱ्या रक्ताने सांगितला आहे. कवीला ह्या जाणिवेची किंमतही मोजावी लागली. त्यांच्या ‘भारत : इतिहास और संस्कृति’ ह्या पाठ्यपुस्तकावर मध्य प्रदेश शासनाने १९६२ साली बंदी घातली होती.

हे मुरणे कसे घडते ह्याचे उत्तर त्यांच्या ‘तीसरा क्षण’ ह्या निबंधात सापडते. कलेचा पहिला क्षण उत्कट अनुभवाचा. दुसरा, तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटून स्वप्नचित्राचे रूप घेतो तेव्हाचा. आणि तिसरा, त्या चित्राला शब्दरूप देण्याच्या प्रक्रियेचा. विज्ञान आणि इतिहास जर थेट तिसऱ्या क्षणी, केवळ शब्द म्हणून दाखल झाले, तर ते अलंकार ठरतात. पहिल्या क्षणापासून ते अनुभवाचा भाग असतील तरच स्वप्नचित्राच्या रक्तात उतरतात.

मुक्तिबोधांची प्रत्येक रचना ह्या उंचीस पोचते असे नाही. गुहा, विहीर, जिना आणि काळोख ह्यांची पुनरावृत्ती कधी कधी थकविते; काही ठिकाणी शास्त्रीय संज्ञा न पचताच ओळीत अडकून राहतात. परंतु ‘ब्रह्मराक्षस’ ह्या कवितेत हा दोषच जणू विषय होतो. ओसाड विहिरीत राहणारा तो विद्वान पिशाच गणित आणि तत्त्वज्ञान ह्यांत आकंठ बुडालेला आहे, अंगावरील मळ अखंड घासतो आहे, आणि तरीही शुद्ध होत नाही. त्याचे ज्ञान लोकांपर्यंत पोचलेच नाही. कवी त्याची थट्टा करीत नाही. त्याचे अपुरे कार्य पुढे नेणारा शिष्य होण्याची इच्छा धरतो. ह्या एका इच्छेमुळे कविता उपहासाच्या पातळीवरून करुणेच्या पातळीवर जाते.

ह्या ठिकाणी मर्ढेकरांचे स्मरण अपरिहार्य आहे. ‘काही कविता’ (१९४७) ह्या संग्रहाने यंत्रयुगाचा अनुभव मराठी कवितेत समर्थपणे आणला. तेथे विज्ञान मुख्यतः माणसाचे यंत्र करणारी शक्ती म्हणून येते, आणि त्यातून उपरोध जन्मतो. मुक्तिबोधांकडे विज्ञान हे ज्ञानाचे एक रूप आहे आणि ज्ञानाबरोबर जबाबदारी येते. म्हणून त्यातून आत्मपरीक्षण जन्मते. दोन्ही वाटा सच्च्या आहेत, पण त्या एक नव्हेत.

आपल्या समीक्षेत मर्ढेकरांचा संवाद, विरोध आणि समतोल ह्या लयतत्त्वांवर आधारलेला सौंदर्यविचार एका बाजूस आणि शरच्चंद्र मुक्तिबोधांनी ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ ह्या अकादमी-पुरस्कृत ग्रंथात मांडलेला मानुषतेचा विचार दुसऱ्या बाजूस, असे दोन तट मानण्याची सवय पडली आहे. घाट की आशय, कला की समाज, असा प्रश्न विचारून आपण बहुधा अर्धी कविता हातची सोडतो. किरणोत्सर्गी रत्नांची ती गुहा ह्या प्रश्नाचेच अपुरेपण दाखविते. कारण तेथे प्रतिमेची घडण बिघडली तर मानुषताही बिघडते, आणि मानुषता वगळली तर घडणीस कारणच उरत नाही. मराठी घरातल्या ह्या कवीला आपण परभाषेचा म्हणून दूर ठेवले. त्याचे वाचन मराठी समीक्षेने आपले म्हणून केले, तर समन्वय हा शब्द प्रशंसेच्या ओघात वापरण्यापूर्वी ती निदान एकदा थांबेल.